माशांसाठी आवर्तन : पिरॅमिड सरोवराची शंभर वर्षं

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की हे निव्वळ विज्ञानाचं व्याख्यान आहे. मासे, अंडी, हॅचरी वगैरे. ते सगळं येईलच. पण आम्ही इतिहासाच्या बाजूने आलो आहोत, आणि त्या बाजूने पाहिलं तर ही गोष्ट मुख्यतः पाण्याच्या हिशेबाची आहे. नदीचं पाणी कागदावर कुणाच्या नावे चढलं, कशासाठी चढलं, आणि त्या कागदावर 'मासा' हा शब्द होता की नाही. तो नव्हता, म्हणून एका सरोवरातला एक मासा संपला आणि दुसरा संपता संपता राहिला. तो शब्द कागदावर आणण्यासाठी तिथल्या आदिवासींनी जे केलं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी जागा पाहून घेऊ. अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडा हे कोरडं राज्य. त्याच्या आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, उंच डोंगरात, टाहो नावाचं मोठं सरोवर आहे. त्यातून ट्रकी नदी निघते, रीनो शहरातून वाहते आणि सुमारे २०० किलोमीटरांनंतर वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात संपते. संपते म्हणजे खरोखरच संपते. नदी शेवटी समुद्राला मिळणारच, असं आपण लहानपणापासून गृहीत धरलेलं असतं. इथे समुद्र नाही. सरोवरात आलेलं पाणी पुढे कुठेच जात नाही. उन्हाने वाफ होऊन जातं आणि क्षार मागे ठेवतं. आपल्याला लोणार माहीत आहे, त्यावरून कल्पना येईल. पिरॅमिडचं पाणी लोणारइतकं खारट नाही, त्यात मासे जगतात, पण तत्त्व तेच. नदी आटली की पातळी उतरते आणि खारटपणा वाढतो. हिमयुगात या भागात लाहोंटन नावाचं प्रचंड सरोवर होतं. पिरॅमिड हा त्याचा उरलेला एक तुकडा.

या काठावर उत्तर पायूट लोक राहतात. स्वतःला ते नुमू म्हणवतात. त्यांच्यात गटांची नावं अन्नावरून पडलेली आहेत. दक्षिणेला वॉकर सरोवर आहे, तिथले लोक 'ट्राउट खाणारे'. पूर्वेला स्टिलवॉटरच्या दलदलीतले 'पाणकणीस खाणारे'. आणि पिरॅमिडचे लोक 'कुयुइडोकाडो', म्हणजे क्वीवी खाणारे. मासा संपला तर नुसतं जेवणातलं एक पक्वान्न जात नाही, लोकांचं नावच पोकळ होतं. पुढे कोर्टात हे सांगणं किती अवघड गेलं ते बघूच.

क्वीवी हा मासा जगात आज फक्त या एका सरोवरात आहे. दोन-अडीच किलोपर्यंत वाढणारा, पातळ ओठांचा, दिसायला काही विशेष नाही. शिकारीच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर तो कधी येणार नाही. मुखपृष्ठावर येतो तो दुसरा मासा, लाहोंटन कटथ्रोट ट्राउट. गळ्याखाली लालभडक रेघ असते म्हणून कटथ्रोट. या जातीचा जागतिक विक्रम आजही पिरॅमिडचाच आहे. १९२५ साली जॉन स्किमरहॉर्न या पायूट माणसाने ४१ पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंचा ट्राउट धरला होता.

दोन्ही मासे राहतात सरोवरात, पण वीण मात्र नदीत. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळलं, नदीला पाणी आलं की ते सरोवरातून नदीत चढतात, वाळूगोट्यांत अंडी घालतात आणि परततात. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांतून, खाचरांतून चढणीचे मासे येतात, कोकणात वलगण म्हणतात, तसाच हा प्रकार. फक्त पावसाऐवजी बर्फ. आम्ही पुढे 'चढण' हाच शब्द वापरू.

१८४४ च्या जानेवारीत जॉन फ्रीमाँट हा अमेरिकी लष्करी अधिकारी इथे पोचला. पाण्यातून वर आलेला एक सुळका त्याला इजिप्तच्या पिरॅमिडसारखा दिसला, म्हणून हे नाव. काठच्या लोकांनी त्याच्या उपाशी तुकडीला ट्राउट खाऊ घातले आणि त्याने त्या माशाची तोंडभरून तारीफ लिहून ठेवली. नंतर पंधरा वर्षांतच, १८५९ मध्ये, सरोवर आणि भोवतालची जमीन पायूटांसाठी राखून ठेवण्यात आली. १८६० मध्ये गोऱ्यांशी लढाई झाली. १८७४ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने राखीव प्रदेश पक्का झाला. 'आरक्षण' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळतो आहोत. आपल्याकडे त्याचा अर्थ फार वेगळा आहे. तर सरोवर मिळालं. सरोवरात येणाऱ्या पाण्याबद्दल मात्र कुणी काही लिहिलं नाही. त्या वेळी ते लिहायला हवं असं कुणाला वाटलंही नसेल, कारण नदी येतच होती.

मग आलं १९०२. नेवाडाचे फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या पुढाकाराने वाळवंट ओलिताखाली आणण्याचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याखालच्या पहिल्याच प्रकल्पांपैकी एक त्यांच्या स्वतःच्या राज्यात निघाला. रीनोच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर डर्बी बंधारा बांधला, १७ जून १९०५ रोजी समारंभ झाला, आणि ट्रकीचं पाणी कालव्याने शेजारच्या कार्सन नदीच्या खोऱ्यात वळलं. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात. महाराष्ट्रात हे समजावून सांगायला नको. कोयनेचं पाणी मूळचं पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं. वीज करण्यासाठी ते बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात उतरवलं जातं. फरक असा की कृष्णेला इतर उपनद्या आहेत. पिरॅमिडला ट्रकीशिवाय कुणी नाही.

पुढच्या साठेक वर्षांत सरोवराची पातळी सुमारे २५ मीटर उतरली. शेजारी विनेमुका नावाचं जोडसरोवर होतं, ट्रकीच्याच पाण्यावर जगणारं. ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण कोरडं पडलं. त्याला पाणपक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं, हे विशेष. पाणी नसलेलं पाणपक्ष्यांचं अभयारण्य.

माशांचं नेमकं काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण नुसतं 'पाणी कमी झालं' म्हणून भागत नाही. सरोवर खाली उतरलं तसा नदीच्या मुखाशी गाळाचा रुंद, उथळ पट्टा उघडा पडला. पाणी त्यावर पसरून घोट्याएवढं होई. चढणीला निघालेले मासे तिथेच अडायचे, आणि सरोवरातल्या अनाहो बेटावर पेलिकन पक्ष्यांची मोठी वसाहत आहे, तिला आयतं ताट वाढलेलं मिळायचं. जे ट्राउट वर पोचत त्यांच्यापुढे डर्बी बंधारा. शिवाय कालव्याकडे पाणी वळवलं की बंधाऱ्याखाली नदीच उरत नसे. घातलेली अंडी वाळूत सुकून जात. १९३८ साली मोठ्या ट्राउटची शेवटची चढण झाली. त्या वर्षी चढलेल्या माशांचं सरासरी वजन २० पौंडांच्या घरात, म्हणजे नऊ किलो होतं. हा आकडा नीट बघा. मोठमोठे म्हातारे मासे आले होते, लहान जवळजवळ नव्हतेच. नवी पिढी तयार होणं आधीच थांबलेलं होतं. १९४० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत पिरॅमिडमधला मूळचा ट्राउट संपला.

क्वीवी का वाचला? तो फार जगतो म्हणून. चाळीस वर्षांहूनही जास्त. वयात यायलाच त्याला आठ-दहा वर्षं लागतात, आणि मग एखाद्या वर्षी नदीला पाणी नसेल तर तो सरोवरात थांबून राहतो. माशाचं वय त्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाच्या हाडात वाचता येतं. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तशी वर्षं त्यात उमटतात. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी अशी हाडं वाचली तेव्हा दिसलं की चढणीला येणाऱ्या प्रौढ माशांपैकी बहुतेक सगळे एकाच वर्षी जन्मलेले आहेत : १९६९. त्या वर्षी बर्फ भरपूर पडला होता, नदीला पाणी होतं. म्हणजे अख्खी जात एका वर्षाच्या पुण्याईवर तगून होती. आम्हाला या सगळ्या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. सरोवरात मासे दिसत होते, जाळ्यात येत होते, आणि तरी ती जात म्हातारी होत चालली होती.

आता कागदाकडे येऊ. ट्रकीचं पाणी कुणाचं, हे ठरवण्यासाठी केंद्र सरकारने १९१३ मध्ये दावा लावला आणि निकाल लागला १९४४ साली. ऑर डिच निवाडा म्हणतात त्याला. पायूटांना त्यात हक्क मिळाला, आणि तोही सर्वांत जुना, १८५९ पासूनचा. किती? सुमारे ३०,००० एकर-फूट, आपल्या भाषेत सव्वा टीएमसीहून थोडं जास्त. कशासाठी? सुमारे ५,९०० एकर शेतीसाठी. सरोवरासाठी शून्य. माशांसाठी शून्य. माशांवर नाव असलेल्या लोकांना सरकारने नांगर दिला आणि म्हटलं, हे तुमचं पाणी.

खटल्यात पायूटांची बाजू मांडत होतं कोण? तेच केंद्र सरकार. आणि न्यूलँड्स प्रकल्पाची बाजू? तेही केंद्र सरकारच. आदिवासींचा विश्वस्त आणि कालव्यांचा मालक एकाच खात्यात, एकाच गृहविभागात बसलेले होते. हा गृहविभाग म्हणजे पोलीस खातं नव्हे. तिथे या विभागाकडे जमीन, धरणं आणि आदिवासी असे विषय असतात.

१९६७ मध्ये क्वीवीचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आलं, १९७० मध्ये लाहोंटन ट्राउटचं. त्याच सुमारास पायूटांच्या जमात परिषदेने स्वतःचे वकील लावून सरकारवरच खटला भरला. मागणी अगदी मर्यादित होती. निवाड्याने शेतकऱ्यांना दिलेलं पाणी त्यांना द्या. पण कालव्यात गळणारं, उधळलं जाणारं, हक्काबाहेरचं पाणी तरी सरोवरात येऊ द्या. विभागाच्या सचिवांनी प्रकल्पासाठी ३,७८,००० एकर-फुटांची मर्यादा घातली होती. साडेसोळा टीएमसी. हा आकडा सगळ्यांना कसाबसा चालेल असा मधला काढला होता. १९७२ च्या अखेरीस न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी तो फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की विश्वस्ताचं काम दोन बाजूंना खूश ठेवणं नाही. ज्याचा तो विश्वस्त आहे त्याच्यासाठी त्याने नेटाने उभं राहिलं पाहिजे. नंतरच्या आदेशाने मर्यादा २,८८,००० एकर-फुटांवर, म्हणजे साडेबारा टीएमसीवर आली. चार टीएमसी पाणी केवळ 'उधळू नका' म्हटल्याने सापडलं. लाभक्षेत्रातल्या पाण्याच्या गळतीबद्दल ज्यांनी आपल्याकडे कधी अहवाल वाचले असतील त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

याच दशकात परिषदेने स्वतःची हॅचरी सुरू केली. क्वीवीची अंडी काढायची, फलित करायची, मत्स्यबीज जपून सरोवरात सोडायचं. क्वीवी धरून खाणंही लोकांनी स्वतःहून थांबवलं. ज्याच्या नावाने ओळखले जातो तो मासा ताटातून बाजूला ठेवायचा, आणि तोही एका वर्षासाठी नाही, पिढ्यान् पिढ्यांसाठी. कुठल्याही अहवालात याची किंमत लिहिलेली नसते.

नदीच्या मुखापासून थोडं वर १९७५ च्या सुमारास मार्बल ब्लफ धरण झालं. पातळी उतरल्याने नदीचं पात्र वरपर्यंत खचत चाललं होतं, ते थोपवण्यासाठी, आणि गाळाचा पट्टा चुकवून मासे वर नेण्यासाठी. इथे एक गंमत झाली, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. माशांसाठी पायऱ्यांची वाट बांधण्याची कला सॅमनवर आणि ट्राउटवर घडलेली आहे. ते उड्या मारतात. क्वीवी उडी मारत नाही. तो गर्दीने, तळाला घासत पुढे सरकतो. त्याला पायऱ्या नकोत, लिफ्ट हवी. मग तशी सोय करण्यात आली : खालच्या कप्प्यात मासे जमा करायचे, पाण्यासकट वर घ्यायचे आणि वरच्या नदीत सोडायचे.

पण लिफ्ट असून उपयोग काय, नदीला पाणीच नसेल तर? इथे स्टॅम्पीड धरण येतं. ट्रकीच्या एका उपनदीवर १९७० मध्ये पूर्ण झालेलं. मूळ हेतू शहर आणि शेती. पण त्याचं पाणी विकण्याचे करार झालेच नव्हते, आणि सरकारने ते वसंतात क्वीवीच्या विणीसाठी सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे धरणातून गव्हाला, उसाला आवर्तन सुटतं. हे माशांसाठीचं आवर्तन. रीनोची वीज-पाणी कंपनी आणि स्थानिक जलसंधारण जिल्हा कोर्टात गेले : धरण आमच्यासाठी बांधलंत, पाणी आम्हाला विका. १९८४ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की संकटग्रस्त माशांना प्राधान्य देण्याचा सरकारला अधिकार आहे.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, सर्वांत मोठा खटला मात्र पायूट हरले होते. १९४४ च्या निवाड्यात माशांसाठी पाणी मागायचं राहूनच गेलं, तो पुन्हा उघडा, असा तो दावा. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला. सरकार दोन्ही बाजूंनी उभं होतं हे मान्य, पण त्याने तुमचं प्रतिनिधित्व केलं होतं. निवाडा तुम्हालाही बांधील आहे. चाळीस वर्षं लोक त्यावर विसंबून राहिले आहेत. कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्ध असेलही. पण ज्या खटल्यात आपला वकील आपला नव्हता, त्याचा निकाल मात्र आपला, हे पचवणं सोपं नाही.

इथे थांबले असते तर आज हे व्याख्यान झालं नसतं. कागदावर माशांचा हक्क नव्हता, पण स्टॅम्पीडचं पाणी हातात होतं. आणि रीनोला एकच धास्ती होती, दुष्काळाची. परिषदेचे अध्यक्ष जो इली यांच्या काळात वाटाघाटी सुरू झाल्या त्या याच दोन टोकांवर. शहराला पाणी साठवायला जागा हवी होती. माशांना पाणी ठराविक महिन्यांत हवं होतं. मग शहराचं पाणी दुष्काळासाठी धरणात ठेवा, आणि चांगल्या वर्षांत त्यातलं न लागणारं माशांच्या खात्यात येऊ द्या. १९९० मध्ये यावर केंद्रीय कायदा झाला. मत्स्यव्यवसायासाठी अडीच कोटी डॉलरचा आणि जमातीच्या विकासासाठी चार कोटी डॉलरचा निधी त्यात होता. मात्र नदी चालवण्याचा प्रत्यक्ष करार २००८ मध्ये सह्या होऊन, २०१५ च्या डिसेंबरात अमलात आला. पंचवीस वर्षं. क्वीवीच्या हिशेबात ही दोन-तीन पिढ्या होतात, वकिलांच्या हिशेबात एक.

इथे श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे : त्या शेतकऱ्यांचं काय? चांगला प्रश्न आहे. त्यांना सरकारनेच जाहिराती करून बोलावलं होतं, त्यांनी खडकाळ माळ घामाने पिकवला. शिवाय सुरुवातीला आम्ही 'पाणकणीस खाणारे' लोक सांगितले, त्यांचे वंशज फॉलनच्या पायूट-शोशोनी राखीव प्रदेशात राहतात. तो भाग या प्रकल्पाच्याच लाभक्षेत्रात येतो, आणि स्टिलवॉटरची दलदल प्रकल्पाच्या निचऱ्यावर अवलंबून राहत आली आहे. एका आदिवासी समूहाचं पाणी परत गेलं की दुसऱ्याच्या दलदलीचा प्रश्न उभा राहतो. १९९० च्या कायद्यात फॉलनच्या लोकांसाठीही स्वतंत्र भाग घालावा लागला तो त्यामुळेच. वॉकर सरोवराला असा कुठलाही तह वेळेवर मिळाला नाही. तिथलं पाणी इतकं खारट झालं की ट्राउट जगेना. ट्राउट खाणाऱ्यांच्या सरोवरात ट्राउट नाही.

आता राहिला पिरॅमिडचा ट्राउट. तो तर संपला होता. दरम्यान इतर सरोवरांतून आणलेल्या लाहोंटन ट्राउटची बोटुकली पिरॅमिडमध्ये सोडली जात होती. त्यात समिट लेकचा वाण होता, आणि ते सरोवरही पायूटांच्याच एका राखीव प्रदेशातलं. हे मासे जगत होते, बाहेरून गळ टाकायला येणाऱ्यांच्या परवान्यांमधून जमातीला उत्पन्नही मिळत होतं. पण जुन्या माशाचा आकार काही येत नव्हता.

१९७० च्या दशकात नेवाडा आणि युटाच्या सीमेवर, पायलट पीक नावाच्या डोंगरावर, उडी मारून ओलांडता येईल अशा एका झऱ्यात काही कटथ्रोट सापडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुणीतरी ते तिथे सोडून दिले होते. मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट बेन्के यांना ते मूळच्या पिरॅमिड ट्राउटचे वंशज वाटले. बरीच वर्षं बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही. १९९५ च्या सुमारास केंद्र सरकारच्या हॅचरीत त्यांचा वाण जोपासायला घेतला. पुढे जनुकीय अभ्यासात संग्रहालयांत जपलेल्या जुन्या ट्राउटच्या नमुन्यांशी तुलना झाली आणि नातं जुळलं. २००६ साली, जमातीच्या संमतीने, त्यांची पिल्लं पिरॅमिडमध्ये सोडली. झऱ्यातला वीतभर मासा सरोवरात काय करेल? २०१२-१३ च्या हिवाळ्यात वीस पौंडांहून मोठे ट्राउट गळाला लागू लागले, तेही दहा वर्षांच्या आतले. अंगात आकार होता, वाढायला सरोवर नव्हतं.

आणि २०१४ च्या वसंतात हे ट्राउट कुणी न नेता नदीत चढले आणि खालच्या ट्रकीत त्यांनी अंडी घातली. १९३८ नंतर प्रथमच, ७६ वर्षांनी.

डर्बी बंधारा अजून तिथेच आहे, कालव्याला अजूनही पाणी जातं. २०२० मध्ये कालव्याच्या तोंडाशी एक मोठी आडवी जाळी बसवली. कालव्याचं पाणी जाळीतून खाली झिरपतं आणि मासे तिच्यावरून घसरत परत नदीत येतात. ११५ वर्षांनी डर्बीच्या वरची नदी त्यांना मोकळी झाली. टाहोपर्यंत वाटेत आणखी बंधारे आहेत. त्यांतला कुठला कधी ओलांडता येईल, हे दर वर्षीच्या बर्फावर आणि स्टॅम्पीडमधल्या साठ्यावर ठरतं. आणखी कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ या.